विंधन विहिरीचा कॅमेरा व त्याचे मेमरी कार्ड : बिघाड, कारणे व उपाय

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील दोन शेजारी तालुके होत. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकरच्या बाजूस पाऊस मुबलक पडतो. पूर्वेस बेल्हे, आणे, लोणी, धामणी या भागाकडे जावे तसतसा तो कमी होत जातो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे कालव्याखालील शिवारे बागायती झाली. तथापि कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या जमिनींना व पठारावरील गावांना अद्यापही विहीर व विंधन विहीर यांवरच विसंबावे लागते. पश्चिमेकडील डोंगराळ गावांतही पावसाचे पाणी वाहून जात असल्याने उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ पडते.

विंधन विहीर, म्हणजे आपल्या बोलण्यातील बोअर, जमिनीच्या पोटात असल्यामुळे तिची स्थिती डोळ्यांस दिसत नाही. ती दिसावी म्हणून अलीकडे दिव्यासह पाण्यात सोडावयाचा छोटा कॅमेरा वापरला जातो. कॅमेरा केबलने खाली सोडतात, वर पेटीतील पडद्यावर चित्र दिसते, आणि त्याच वेळी ते पेटीतील मेमरी कार्डावर नोंदले जाते. उपसा सिंचनाच्या जमिनीखालील पाईपलाईनमध्ये ताठ केबलचा असाच कॅमेरा ढकलून फूट, गाळ किंवा झाडांची मुळे शोधता येतात. कॅमेरा उत्तम असून मेमरी कार्डाने दगा दिला, तर सर्व खटाटोप वाया जातो. हे बिघाड कोणते, ते कसे ओळखावेत आणि नोंद न गमावता ते कसे दूर करावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

बोअरची पाहणी कशासाठी

या दोन्ही तालुक्यांतील खडक मुख्यतः बेसाल्ट जातीचा असून तो लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. पाणी सापडते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, पाषाणाच्या भेगांत व दोन थरांमधील सांध्यात. म्हणूनच एका बांधावरील बोअरला भरपूर पाणी लागते आणि शेजारच्या बांधावरील बोअर कोरडी जाते. मुरूम ढासळू नये म्हणून बोअरच्या वरच्या भागात केसिंग पाईप बसवितात. त्याखाली कठीण खडकात बोअर उघडीच असते.

बोअरचे पाणी कमी झाले की पाण्याची पातळी खाली गेली असे आपण समजतो. कित्येक वेळा ते खरे असते. परंतु केसिंग पाईपचा सांधा सुटून त्यातून मुरूम आत पडत असेल, तळाशी गाळ साचला असेल, पाणी देणारी भेग चिखलाने बुजली असेल, किंवा पंपाचा पाईप मध्येच फुटून वर येणारे पाणी पुन्हा खाली पडत असेल, तरीही पाणी कमीच येते. यातील प्रत्येक दोषावरचा उपाय निराळा आहे. गाळ साचलेली बोअर साफ करून घेता येते, आणि पंपाचा पाईप फुटला असल्यास तो बदलला की काम भागते. कारण न पाहता दुसरी बोअर घेतली तर मोठा खर्च होतो आणि जुना दोष जागच्या जागीच राहतो.

चित्रफितीचे मोल यातच आहे. पडद्यावर क्षणभर पाहिलेले चित्र स्मरणात राहत नाही, आणि कोणत्या खोलीवर काय पाहिले याविषयी पुढे वाद होतो. नोंदलेली चित्रफीत बोअर घेणाऱ्या मशीनवाल्यास दाखविता येते, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकास दाखवून सल्ला घेता येतो, आणि दोन-तीन वर्षांनी घेतलेल्या दुसऱ्या चित्रफितीशी ताडून पाहता येते. गावच्या पाणीपुरवठ्याच्या बोअरसंबंधी तर ती ग्रामपंचायतीच्या दप्तरातील कागदाइतकीच महत्त्वाची आहे.

कार्ड म्हणजे एक दप्तर

समजा, बेल्ह्याकडील एका बागायतदाराची द्राक्षबाग मार्च महिन्यात पाण्याअभावी सुकू लागली. त्याने पंप वर काढून कॅमेरा बोलाविला. कॅमेरा खाली सोडताच पडद्यावर ‘कार्ड एरर’ अशी अक्षरे उमटली. मजूर खोळंबलेले, बाग तहानलेली. कॅमेरा चालविणाऱ्याने घाईने ‘फॉरमॅट’चे बटण दाबले. यंत्र सुरू झाले. परंतु मागील आठवड्यात दुसऱ्या गावच्या पिण्याच्या पाण्याच्या बोअरची घेतलेली चित्रफीत त्याच कार्डावर होती, ती गेली. असा प्रसंग टाळता येण्याजोगा आहे. त्याकरिता कार्डाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

एसडी जातीचे कार्ड १९९९ साली प्रचारात आले. त्याचा लहान प्रकार मायक्रो एसडी या नावाने ओळखला जातो व मोबाईलमध्येही वापरला जातो. त्याची तुलना महसुली दप्तराशी करता येईल. दप्तरात कागद असतात आणि कोणता कागद कोठे आहे हे सांगणारी फेरिस्त असते. कार्डातही चित्रे एका भागात असतात व त्यांची फेरिस्त दुसऱ्या भागात. यंत्र प्रथम फेरिस्त वाचते. ती बिघडली असेल तर कागद शाबूत असूनही ‘कार्ड एरर’ म्हणते. साध्या फॉरमॅटने बहुधा जुनी फेरिस्त फाडून कोरी ठेवली जाते. कागद काही काळ तसेच पडून असतात व त्यांवर नवीन मजकूर लिहिला गेला म्हणजे मात्र कायमचे नष्ट होतात. एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढील सर्व सूचनांचे कारण आपोआप उमगेल.

नेहमीचे बिघाड व त्यांवरील उपाय

१. कार्ड ओळखले जात नाही. पडद्यावर ‘नो कार्ड’ असे येते. पेटी बंद करावी, कार्ड काढून पुन्हा नीट, खटका लागेपर्यंत बसवावे. तरीही न चालल्यास कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पाहाव्यात. बोअरवर चिखल, पाणी व ग्रीसने भरलेल्या हातांनी कार्ड हाताळले जाते, त्यामुळे पट्ट्यांवर मळ बसतो. त्या कोरड्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसाव्यात. नखाने, चाकूने किंवा पॉलिश कागदाने कदापि खरवडू नये. पट्टीवरील मुलामा गेला की ती लवकर गंजते. कार्ड भिजले असल्यास सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात घालू नये. याउपर दुसरे चांगले कार्ड घालून पाहावे. तेही ओळखले गेले नाही तर दोष कार्डात नसून पेटीच्या खाचेत आहे, आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे आहे.

२. कार्डास कुलूप लागले आहे. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेस एक बारीक सरकपट्टी असते. ती खाली सरकली की यंत्र कार्डावर लिहीत नाही. खिशातून काढताना किंवा खाचेत घालताना ती नकळत सरकते. ती वर सरकविली की काम सुरू होते. मायक्रो एसडी कार्डास अशी पट्टी नसते. परंतु ते ज्या मोठ्या खोळीत घालतात तिला असते. पट्टी ढिली होऊन पुन्हा पुन्हा घसरत असेल तर खोळ बदलावी.

३. कार्ड भरले आहे. ‘कार्ड फुल’ असे दिसल्यास चित्रफिती आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि त्या उघडतात याची खात्री करूनच कार्ड मोकळे करावे. काही यंत्रांत कार्ड भरल्यावर सर्वांत जुनी चित्रफीत पुसून तिच्या जागी नवी लिहिण्याची योजना असते. ती सोय बोअरच्या कामास घातक आहे, कारण कोणतीही सूचना न देता जुन्या बोअरची नोंद नाहीशी होते. यंत्राच्या मांडणीत ती बंद करून ठेवावी.

४. कार्ड गरजेपेक्षा मोठे आहे. पुष्कळांची समजूत अशी की कार्ड जितके मोठे तितके चांगले. एसडी कार्डांत ३२ जीबीपर्यंतची एक जात व त्यावरील दुसरी जात आहे, आणि दोहोंची फेरिस्त मांडण्याची पद्धत निराळी असते. पहिल्या जातीत एफएटी-३२ ही पद्धत, दुसरीत एक्सएफएटी ही पद्धत. जुन्या व साध्या कॅमेरा-पेट्यांना दुसरी पद्धत वाचता येत नाही. ६४ किंवा १२८ जीबीचे नवे कार्ड घातले की त्या ‘कार्ड एरर’ म्हणतात. कार्डात काही दोष नसतो. ते त्या यंत्राच्या जातीचे नसते, एवढेच.

एवढ्या मोठ्या कार्डाची गरजही नसते. हिशेब करून पाहू. एखादे यंत्र सेकंदास अर्धा एमबी या वेगाने चित्र नोंदत असेल तर मिनिटास ३० एमबी होतात. ३०० फुटांची बोअर मिनिटास २० फूट या संथ गतीने पाहिल्यास १५ मिनिटे लागतील व ४५० एमबी जागा खर्ची पडेल. म्हणजे ३२ जीबीच्या एका कार्डात अशा सुमारे ७० बोअर मावतील. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती जीबीचे कार्ड चालते ते दिलेले असते. त्या मर्यादेतील दोन लहान कार्डे एका मोठ्या कार्डाहून केव्हाही बरी. एक बिघडले तर दुसरे हाताशी राहते, आणि सर्व गावांच्या नोंदी एकाच वेळी धोक्यात येत नाहीत.

५. चित्रफीत अर्धवट राहते किंवा उघडत नाही. या बिघाडाचे मूळ बहुधा बॅटरीत असते. चित्रफितीची स्वतःची एक अनुक्रमणिका असते. ती पुष्कळ यंत्रांत नोंदणी थांबविल्यानंतर, अगदी शेवटी लिहिली जाते. त्यापूर्वीच बॅटरी संपली, पेटी बंद केली किंवा कार्ड उपसले तर चित्रे असूनही अनुक्रमणिका नसल्याने चित्रफीत उघडत नाही. अशी चित्रफीत पुसून टाकू नये. त्याच यंत्राची दुसरी चांगली चित्रफीत नमुन्यास देऊन ती दुरुस्त करणारे प्रोग्रॅम मिळतात. परंतु उपचारापेक्षा काळजी बरी : नोंदणी थांबवावी, नोंदणीचा दिवा विझेपर्यंत थांबावे, पेटी बंद करावी आणि मगच कार्ड काढावे. खोल बोअरची नोंद एकाच लांब चित्रफितीत न करता १०० फुटांच्या टप्प्यांनी केल्यास, एक टप्पा बिघडला तरी बाकीचे शिल्लक राहतात.

६. कार्ड बनावट किंवा झिजलेले आहे. बाजारात नामांकित छापाची बनावट कार्डे मिळतात. वर ३२ जीबी लिहिलेले असते, आत जागा त्याहून फार कमी असते. असे कार्ड आरंभी नीट चालते. खरी जागा संपल्यावर मात्र लिहिल्यासारखे दाखविते आणि प्रत्यक्षात काहीच राहत नाही. म्हणून नवे कार्ड शेतावर नेण्यापूर्वी घरीच संगणकावरून मोठ्या चित्रफितींनी पूर्ण भरावे व शेवटची चित्रफीत उघडून पाहावी. ती उघडली नाही तर कार्ड पावतीसह परत करावे. कार्ड लिहून-पुसून झिजतेही. चांगले कार्ड मध्येच अडखळू लागले, चित्रात चौकटी दिसू लागल्या किंवा तेच कार्ड वारंवार फॉरमॅट मागू लागले, तर ते पाहणीच्या कामातून काढून टाकावे.

७. तारीख चुकलेली आहे. हा बिघाड लहान दिसतो, पण पुढे मोठा घोटाळा करतो. पेटीतील घड्याळ मागे पडले असेल तर सर्व चित्रफितींवर एकच खोटी तारीख पडते व कोणती बोअर कोणती हे कळत नाही. काम सुरू करण्यापूर्वी तारीख व वेळ पाहावी. याखेरीज गावाचे नाव, गट क्रमांक, तारीख व बोअरची खोली मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून तो कागद प्रथम कॅमेऱ्यासमोर धरावा व नंतर कॅमेरा खाली सोडावा. मग चित्रफितीचे नाव बदलले तरी तिची ओळख पुसली जात नाही.

नोंद चुकून पुसली गेल्यास

चुकून फॉरमॅट झाले किंवा चित्रफीत पुसली गेली, तर पहिली गोष्ट ही की त्या कार्डावर पुढे काहीही नोंदू नये. कार्ड ताबडतोब काढून, कागदाच्या पाकिटात घालून, वर ‘वापरू नये’ असे लिहून बाजूस ठेवावे व शिल्लक दुसऱ्या कार्डावर काम पुरे करावे. घरी किंवा तालुक्याच्या गावी संगणकावर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने कार्डावरील चित्रफिती शोधता येतात. सापडलेल्या चित्रफिती त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवाव्यात, अन्यथा एक नोंद वाचविताना दुसरी नष्ट होईल. या मार्गाने सर्व काही परत मिळेलच अशी हमी नाही. परंतु फॉरमॅटनंतर जितके कमी लिहिले गेले असेल तितकी आशा अधिक. संगणकाने कार्ड लावताच ‘फॉरमॅट करावयाचे काय’ असे विचारल्यास ‘नाही’ असेच उत्तर द्यावे.

जुन्नर वनविभागात बिबट्याचा वावर टिपण्यासाठी उसाच्या शेतांजवळ लावण्यात येणाऱ्या कॅमेऱ्यांतही मेमरी कार्डच असते. वर सांगितलेली सावधगिरी त्या कार्डांच्या बाबतीतही तितकीच उपयोगी पडते.

पाहणीच्या दिवशी पाळावयाचा क्रम

१. पंप वर काढल्यावर बोअर शक्यतो एक दिवस स्वस्थ ठेवावी. गढूळ पाण्यात उत्तम कॅमेऱ्यासही काही दिसत नाही.

२. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरावी. जुन्या चित्रफिती संगणकावर उतरवाव्यात, त्या उघडून पाहाव्यात आणि मग कार्ड त्याच कॅमेरा-पेटीत फॉरमॅट करावे. संगणकावर किंवा मोबाईलवर केलेले फॉरमॅट पेटीस मानवेलच असे नाही.

३. शेतावर पोचल्यावर पेटी सावलीत, कोरड्या फळीवर ठेवावी. कार्ड हाताळणाऱ्याने हात धुऊन पुसावेत. दुसरे तपासलेले कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत जवळ बाळगावे.

४. कॅमेरा खाली सोडण्यापूर्वी ओळखीच्या कागदाची अर्धा मिनिट नोंद घ्यावी आणि ती लगेच पडद्यावर परत पाहावी. कार्डाचा कोणताही दोष येथेच, कॅमेरा वर असतानाच, उघडकीस येतो. ही एक सवय लावून घेतली तर निम्मा त्रास वाचेल.

५. कॅमेरा संथपणे सोडावा. केसिंग पाईपचा तळ, पाण्याची पातळी, प्रत्येक भेग व ढासळलेली जागा येथे क्षणभर थांबावे आणि केबलवरील खोलीचा आकडा वहीतही लिहावा. कार्ड हरवले तरी वही राहते.

६. काम संपल्यावर शेत सोडण्यापूर्वी चित्रफितीचा आरंभ, मध्य व शेवट पाहावा. त्याच दिवशी तिच्या दोन प्रती कराव्यात : एक शेतकऱ्याजवळ, दुसरी कॅमेरावाल्याजवळ. गावच्या बोअरची एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी.

बोअरचे तोंड उघडे ठेवू नये

कार्डाच्या भानगडीत माणसे पेटीभोवती गोळा होतात किंवा दुसरे कार्ड आणण्यास गावात जातात, आणि पंप काढलेल्या बोअरचे तोंड तसेच उघडे राहते. हा धोका काल्पनिक नव्हे. आंबेगाव तालुक्यातील थोरांदळे येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये एक लहान मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने रात्रभर प्रयत्न करून दुसऱ्या दिवशी त्यास सुखरूप बाहेर काढले. प्रत्येक वेळी दैव इतके अनुकूल नसते. उघड्या बोअरवर झाकण बसविणे व टाकून दिलेली बोअर बुजविणे यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्देश दिलेले आहेत. म्हणून काम पाच मिनिटांसाठी थांबले तरीही बोअरच्या तोंडावर जड झाकण ठेवावे किंवा तेथे एक जाणता माणूस उभा करावा. चित्रफीत पुन्हा घेता येते. जीव परत आणता येत नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काय करावे

बोअरची पाहणी होत असेल तेथे कार्यकर्त्यांनी शक्य तेव्हा उपस्थित राहावे. यंत्र चालविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे नसली तरी, जुनी नोंद उतरविली आहे काय, शिल्लक कार्ड आहे काय व तारीख बरोबर आहे काय, हे तीन प्रश्न त्यांनी आरंभीच विचारावेत. गावातील बोअरच्या चित्रफितींची गट क्रमांकानुसार यादी ठेवल्यास टंचाईच्या दिवसांत कोणती बोअर साफ करण्याजोगी आहे व कोणतीवर खर्च करणे व्यर्थ आहे, हे ठरविणे सोपे जाईल.

शेतकरी बंधूंनीही आपल्या बोअरची प्रत मागून घेण्यास संकोच करू नये. पैसे मोजून केलेल्या पाहणीचे फळ तीच आहे. सातबाऱ्याचा उतारा जसा आपण जपून ठेवतो, तशी ही नोंदही जपावी. मेमरी कार्ड बोटाच्या पेराएवढे असते व स्वस्तही असते. परंतु त्यात जमिनीच्या पोटातील जी खूण साठलेली असते, तिच्यावर पुढील कित्येक वर्षांच्या पाण्याचा निर्णय अवलंबून असतो. म्हणून पडद्यावर ‘कार्ड एरर’ असे उमटले की बटणाकडे हात नेण्याआधी यंत्र बंद करावे, कार्ड काढून पाहावे, आणि जुनी नोंद सुरक्षित आहे याची खात्री पटल्यावरच पुढील काम हाती घ्यावे.